ताई, सर रागावले तर?

मुक्त विज्ञानाचं (म्हणजे संशोधनाचे लेख आणि डेटा सगळ्यांना खुले ठेवण्याचं) प्रशिक्षण म्हटलं की पहिली स्लाइड युनेस्कोच्या २०२१ च्या शिफारशीची. माझीही असायची. जेवणात सेव-उसळ झालेली असली की दुसऱ्या सत्रात निम्मा वर्ग पेंगायचा. ती स्लाइड आता मी शेवटी दाखवते, वेळ उरला तर.

बडोद्यात कॉलेजांच्या ग्रंथपालांना शिकवताना एक गोष्ट लक्षात आली. व्याख्या त्यांना पाठ असतात, पण प्राध्यापकाला हे पटवायला त्याच्या केबिनमध्ये शिरलं की आवाज बसतो. म्हणून सुरुवात त्यांच्याच कामापासून करा. प्रत्येकाने स्वतःचा एखादा जुना लेख आणायचा. आधी ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, काढायचा. सोळा अंकी, फुकट. मग शेर्पा रोमिओ या साइटवर (आता तिचं नाव ओपन पॉलिसी फाइंडर) त्या नियतकालिकाचा नियम बघायचा: लेखकाने लेखाची कोणती प्रत, कधी आणि कुठे ठेवलेली चालते? इथे हमखास घोळ होतो. प्रकाशकाने सजवलेली पीडीएफ वेगळी आणि परीक्षणानंतर स्वीकारलेली आपली वर्डची फाइल वेगळी. बऱ्याचदा परवानगी असते ती दुसरीला, आणि नेमकी तीच कुणी जपून ठेवलेली नसते.

फाइल चढवायची ती झेनोडो या संशोधनाच्या ऑनलाइन साठ्यावर. त्याची सरावासाठी वेगळी साइट आहे, सँडबॉक्स. तीच वापरा. खऱ्या साइटवर एकदा डीओआय (नोंदीचा कायमचा क्रमांक) मिळाला की चूक सहज मागे घेता येत नाही. एका वर्गात मी हे सांगायचं विसरले आणि 'टेस्ट टेस्ट' नावाची एक नोंद खरोखरच जगजाहीर झाली.

दुसऱ्या दिवशी मी चश्मा नाकावर ओढून विभागप्रमुखाचं सोंग घेते आणि वर्गाला प्रश्न टाकते.

‘आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन आहे ना? मग हे कशाला?’

तीन मिनिटांत उत्तर हवं. सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी मंजूर केले, ते सरकारी संस्थांना वर्गणीची संशोधन नियतकालिकं वाचता यावीत म्हणून. ‘सर, तुमचा विद्यार्थी पास होऊन खाजगी कारखान्यात लागला की त्याला तुमचाच लेख उघडणार नाही.’ हे वाक्य गुजरातीतही घोकून घ्या. विभागात प्रश्न मराठीत येतीलच असं नाही.

‘मुक्त म्हणजे पैसे भरून छापणं!’ हा आक्षेप ठरलेलाच. डीओएजे (मुक्त नियतकालिकांची ऑनलाइन यादी) उघडा, शुल्क न घेणारी नियतकालिकं गाळून दाखवा आणि मग गप्प बसा. स्क्रीन बोलते. दोन दिवसांत लेख स्वीकारून पैसे मागणाऱ्या फसव्या नियतकालिकांचा विषय मात्र आपणहून काढा. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी असे पैसे भरले होते. लाजेखातर वर्षभर त्या ग्रंथालयात फिरकल्या नाहीत. ‘आधी दाखवा, मग भरा’ एवढं सांगणारं आपल्यापैकी कुणी तिथे नव्हतं.

‘डेटा मागाल, तर रुग्णांची नावं?’ ती नाही द्यायची. मोकळं ठेवता येईल तेवढं मोकळं, झाकायला हवं तेवढं झाकलेलं.

कुणीतरी विचारतंच, ‘ताई, सर रागावले तर? आपण कोण सांगणारे?’ तेव्हा मी बोर्डन साहेबांची, म्हणजे एका अमेरिकन ग्रंथपालाची, गोष्ट काढते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून त्यांना आणलं, १९११ मध्ये इथेच ग्रंथपालांचा वर्ग सुरू झाला आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. सांगण्याचं काम आपल्याकडे तेव्हापासूनचं आहे.

शिरकावाची जागाही तयार आहे. यूजीसीने २०१९ मध्ये पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा २ क्रेडिटचा पेपर आणला, त्यात मुक्त प्रकाशनाला ४ तास आहेत. विभागप्रमुखांकडे त्यातला एकच तास मागा, परीक्षा आटोपल्यावर. आणि चिठ्ठी लेखी द्या. तोंडी ‘बघू’ म्हणजे पुढचं वर्ष.