एकाच पंपाने दोघे फवारतात, बाधा एकालाच का होते?

शहापूर, मुरबाड, भिवंडी पट्ट्यात हळवे (लवकर पिकणारे) भात आता पिवळे पडू लागले आहे. निमगरवे आणि गरवे (मध्यम आणि उशिरा पिकणारे) पोटरीत किंवा लोंब्या निसवण्याच्या बेतात आहे. तुडतुडे, पाने गुंडाळणारी अळी आणि पुढे लोंब्या कुरतडणारी लष्करी अळी, यांच्यासाठी पंप बाहेर निघतात ते याच दिवसांत. त्यात आश्विनाचे ऊन. अशा वेळी बांधावर एक वाक्य हमखास ऐकू येते: "आम्ही इतकी वर्षे फवारतोय, आम्हाला कधी काही झालं नाही." बोलणाऱ्यापुरते ते खरे असेल. पण त्या भरवशावर दुसऱ्याच्या पाठीवर पंप चढवू नका, स्वतःच्या मुलाच्याही नाही.

क्लोरपायरीफॉससारखे ऑरगॅनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक औषध अंगात गेले की यकृतात त्याचे आणखी जहाल रूप तयार होते. मज्जातंतूंचा संदेश वेळेवर थांबवणारे कोलिनएस्टरेज नावाचे एन्झाइम आपल्या शरीरात असते, त्यालाच हे रूप जखडून ठेवते. मग संदेश थांबतच नाहीत: लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, उलट्या, अंगावरचे स्नायू फडफडणे, शेवटी श्वास अडकणे. या जहाल रूपाला रक्तातच फोडणारे दुसरे एन्झाइम आहे, पॅराऑक्सोनेज-१. तेही यकृतातच तयार होते. त्याचा जनुक सगळ्यांकडे असतो, पण सारखा नसतो. या एन्झाइमच्या साखळीतल्या १९२ व्या जागी कोणाला ग्लुटामिन हे अमिनो आम्ल मिळते, तर कोणाला आर्जिनिन. आर्जिनिनवाले रूप क्लोरपायरीफॉसचे विष जास्त वेगाने फोडते. शिवाय एन्झाइम किती तयार होते यातही माणसामाणसांत दहापटीहून अधिक तफावत सापडते. निम्मे जनुक बापाचे, निम्मे आईचे, त्यामुळे बापाला जे सोसते ते मुलाला सोसेलच असे नाही.

लहान मुलांचे तर वेगळेच आहे. नवजात बाळाच्या रक्तात हे एन्झाइम मोठ्यांच्या तुलनेत तिपटी-चौपटीने कमी असते. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात शेतमजुरांच्या कुटुंबांचा बरीच वर्षे अभ्यास झाला, त्यात सात वर्षांच्या मुलांचीही पातळी त्यांच्या आयांपेक्षा कमीच आढळली. म्हणून फवारणीच्या दिवशी पाण्याची कळशी आणायला पोराला पाठवणे बंद करा. गरोदर बाईने औषध कालवू नये, फवारणीचे कपडेही धुऊ नयेत.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण सगळ्यांच्या ओळखीचा आहे. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हा रंग ठरतो तो प्रयोगशाळेतल्या जनावरांपैकी निम्मी ज्या मात्रेने मरतात त्या मात्रेवरून. त्याच मात्रेत उरलेली निम्मी जगली, हे आपण विसरतो. तुम्ही कोणत्या निम्म्यात आहात ते त्रिकोण सांगत नाही. हिरवा किंवा निळा त्रिकोण पाहून हातमोजे काढून ठेवणारे शेतकरी मला फार दिसतात, आणि त्याची काळजी वाटते.

मग आपले शरीर कोणत्या बाजूचे, हे कळायचे कसे? जनुकाच्या तपासणीमागे धावू नका. रक्तातल्या कोलिनएस्टरेजची तपासणी मोठ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते, ती जास्त कामाची. पण एक मेख आहे. नॉर्मलची मर्यादा खूप रुंद असते, आणि ती रुंद असण्यामागे जनुकांचाही हात आहे. एखाद्याची मुळातली पातळी उंच असेल तर ती निम्म्यावर येऊनही रिपोर्ट नॉर्मलच दिसू शकतो. त्यामुळे निदान महिनाभर फवारणीशी संबंध आलेला नसताना एकदा तपासणी करून तो आकडा जपून ठेवावा लागतो, आणि नंतरचा आकडा त्याच्याशीच ताडून पाहावा लागतो. कॅलिफोर्नियात कायद्याने हेच करतात: स्वतःच्या मूळ पातळीच्या ८० टक्क्यांखाली गेला की कामाची पद्धत तपासतात, आणि रक्ताच्या तांबड्या पेशींतल्या कोलिनएस्टरेजचे प्रमाण ७० टक्क्यांवर उतरले की त्या मजुराला फवारणीवरून हटवतात. फक्त भात घेणाऱ्यांसाठी मूळ तपासणीला मे महिना चांगला. ज्यांची भेंडी, काकडी लगेच पुढे चालू होते, त्यांनी दोन पिकांमधली उसंत साधावी.

घरात एक प्रश्नही विचारा. ऑपरेशनच्या भुलीनंतर कोणाचे स्नायू आणि श्वास फार उशिरा पूर्ववत झाले होते का? काही घराण्यांत ब्युटिरिल-कोलिनएस्टरेज या रक्तातल्या भावंड-एन्झाइमचा जनुक बदललेला असतो. भूल देताना वापरले जाणारे, स्नायू सैल करणारे सक्सिनिलकोलिन हे औषध अशांच्या अंगातून लवकर उतरत नाही. हेच एन्झाइम ऑरगॅनोफॉस्फेटचा काही भाग स्वतःवर झेलते, त्यामुळे अशा माणसाने पंपाला हात न लावलेला बरा.

धान्याच्या कणगीत डांबरगोळ्या टाकायची सवयही सोडा. तांबड्या पेशींना जपणारे जी६पीडी एन्झाइम जन्मतः कमी असलेल्यांच्या या पेशी डांबरगोळीतल्या नॅफ्थॅलिनने फुटतात, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते. हा जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास मुलग्यांना जास्त होतो. मलेरियात प्रायमाक्विन सुरू करण्यापूर्वी डॉक्टर याच कमतरतेची तपासणी करायला सांगतात.

आता खाचरात. एका चुडात (भाताच्या रोपांच्या पुंजक्यात) ५ ते १० तुडतुडे दिसल्याशिवाय फवारू नका. आधी पाणी काढून टाका. त्याच त्या औषधाने तुडतुडे जात नाहीत, याचेही कारण जनुकच आहे: इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक पचवणारा जनुक जोरात चालणारे तुडतुडे वाचतात आणि पुढची पिढी त्यांचीच येते. लष्करी अळीसाठी बांध स्वच्छ ठेवा, बेडूक मारू नका.

फवारायचेच तर सकाळी, वारा पाठीशी घेऊन. गळका पंप नकोच. कपाळाच्या कातडीतून हाताच्या मानाने सुमारे चौपट औषध आत जाते आणि जांघेजवळच्या नाजूक कातडीतून दहापटीहून जास्त. गळणारा पंप नेमकी पाठ आणि जांघ भिजवतो. पाड्यावरून आलेल्या मजुरालाही हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाकातोंडाला मास्क तुम्हीच द्या.

बरोबरच्याला काही झाले नाही, म्हणून एकाची मळमळ उन्हाची समजू नका. कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा, उलटी करवू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा लेबलासकट रुग्णालयात न्या. ॲट्रोपिन हा उतारा वेळेवर मिळायला डॉक्टरांना ते नाव लागते.