ऑटोमॅटिक गाडीच्या इंजिनावर मॅन्युअलचे फ्लायव्हील कसे चढवावे

आपल्या मॅन्युअल गाडीसाठी बदली इंजिन शोधावे आणि हाती ऑटोमॅटिकमधून उतरवलेले लागावे, असा प्रसंग नागपुरात कोणावरही येऊ शकतो. इंजिन त्याच जातीचे असेल तर घाबरण्याचे कारण नाही. फरक क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला असतो. तिथे फ्लेक्सप्लेट, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा, तेलाच्या साह्याने गती पोचवणारा भाग) फिरवण्यापुरती पातळ पोलादी चकती बसवलेली असते. क्लच प्लेटला घासायला पृष्ठभाग आणि गती साठवायला वजन लागते, ते फ्लायव्हीलच देऊ शकते.

फ्लायव्हील चढवण्याआधी दोन्ही चकत्या शेजारी ठेवून बोल्टांची छिद्रे, डॉवेलची (जागा पक्की करणाऱ्या खुंटीची) जागा, रिंग गिअरचे (स्टार्टर ज्यात अडकतो त्या कडेच्या चक्राचे) दात आणि क्रँक सेन्सरसाठी खाचा असतील तर त्याही ताडून पाहाव्यात. काही इंजिनांचा तोल साधणारे वजन याच चकतीवर असते, त्यामुळे फ्लेक्सप्लेटवर एका बाजूला जोडलेला तुकडा दिसल्यास त्याच तोलाचे फ्लायव्हील मिळवावे, नाहीतर इंजिन थरथरत राहते.

इंजिन स्टँडवर किंवा चेन ब्लॉकला असतानाच, रिंग गिअर अडकवून बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने सैल करावेत. फ्लेक्सप्लेटच्या पुढे-मागे असलेली स्पेसरची चकती सहसा फ्लायव्हीलखाली परत घालायची नसते. मागचे ऑइल सील समोर आलेच आहे तर ते आत्ताच बदलावे. पुढे तेल क्लचवर उतरले तर गिअरबॉक्स पुन्हा काढावा लागतो.

आता बोल्ट. फ्लायव्हील जाड असल्याने फ्लेक्सप्लेटचे बोल्ट त्याला बहुधा तोकडे पडतात. माझ्या पहिल्या कामात मी हीच चूक केली होती: बोल्ट बोटांनी जेमतेम तीन वेढे फिरून टेकले आणि पाना लावल्यावर घट्टही वाटले. एक काढून पाहिला तेव्हा तेलाचा ठसा केवळ टोकाच्या आट्यांवर होता. १० मिमी जाडीच्या बोल्टाचे किमान १० मिमी आटे क्रँकमध्ये जायला हवेत, म्हणून फ्लायव्हीलसाठीचेच नवे बोल्ट घ्यावेत. क्रँकमधील छिद्रे आरपार असतील तर आट्यांना सीलंट, अन्यथा थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावावे आणि टॉर्क पान्याने, सर्व्हिस मॅन्युअलमधील आकड्यापर्यंत, टप्प्याटप्प्याने ताणावेत.

आडव्या इंजिनाच्या, पुढची चाके ओढणाऱ्या बहुतेक गाड्यांना पायलट बेअरिंग, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक क्रँकमध्ये पेलणारे छोटे बेअरिंग, नसते. उभ्या इंजिनाच्या, मागची चाके चालवणाऱ्या गाड्यांना मात्र ते सहसा लागते, आणि ऑटोमॅटिकच्या क्रँकमध्ये ती जागा रिकामी किंवा अपुरी घडवलेली असू शकते. व्हर्नियर कॅलिपरने आतला व्यास मोजावा. जागा कमी असेल तर हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लेथवाल्याला नेमके माप दाखवून सल्ला घ्यावा, हातोडीने बेअरिंग ठोकून बसवू नये.

बसवण्यापूर्वी फ्लायव्हीलचा चेहरा ब्रेक क्लीनरने पुसावा. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा कपाळाचा घाम थेट त्या लोखंडावर टपकतो, म्हणून मी हे काम सकाळीच उरकतो. जुने फ्लायव्हील निळसर डागांचे किंवा तडकलेले असेल तर लेथवर घासून घ्यावे की टाकून द्यावे हे अनुभवी माणसाने ठरवावे. दुहेरी वस्तुमानाचे (स्प्रिंगांनी जोडलेल्या दोन चकत्यांचे) असेल तर मात्र घासू नये, बदलावे. बोल्ट ताणल्यावर डायल गेज टेकवून क्रँक एक फेरा फिरवावा आणि डगडग मॅन्युअलमधील मर्यादेत आहे का ते पाहावे.

क्लच प्लेट अलाइनमेंट टूलने मध्यभागी धरून प्रेशर प्लेटचे बोल्ट थोडे-थोडे आवळावेत. बदललेला इंजिन क्रमांक आरसीवर नोंदवण्यासाठी आपली गाडी एमएच-३१, ४० किंवा ४९ यांपैकी ज्या आरटीओत नोंदलेली असेल तिथे आधीच चौकशी करावी.

गिअरबॉक्स जोडल्यावर बेलहाउजिंग, म्हणजे त्याचे इंजिनाला भिडणारे घंटेसारखे तोंड, हाताच्या जोराने पूर्ण टेकले पाहिजे. शेवटचा सेंटिमीटर बोल्टांनी ओढून आणावा लागत असेल तर आत काहीतरी अडत आहे, तिथेच थांबून पुन्हा काढावे.