व्यक्तिरेखा 'बदलते' असं लिहिण्याआधी

कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट, असा विषय लघुप्रबंधाला घेताय? घ्या. फक्त तो सोपा आहे असं ज्याने सांगितलं, त्याचं दुसरं काही ऐकू नका. पुस्तक एक, सिनेमा एक, दोन्ही मराठी, दोन्ही आवडते, तुलना केली की झाली पानं भरून, हा हिशेब मीही मांडला होता. त्यापायी एक अख्खं प्रकरण रद्दीत गेलं. अजूनही कुणी 'पात्राचा विकास' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टरने 1927 साली सांगितलेली सपाट (एकाच गुणाची) आणि गोल (अनेक बाजूंची, चकित करणारी) पात्रं, ॲरिस्टॉटलचं कथानक आधी आणि स्वभाव मागाहून, हे सेट-नेटच्या, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांच्या, तयारीत तुमचं पाठ झालेलं असणारच. प्रस्तावनेत एका परिच्छेदात उरका. परीक्षकाने ते तुमच्याहून जास्त वेळा वाचलेलं असतं.

घोळ होतो तो 'सुरुवातीला–शेवटी'च्या तक्त्यापाशी. सगळेच करतात हा तक्ता. पात्राचं नाव, सुरुवातीला कसं, शेवटी कसं, बदलाचं कारण आणि शेवटच्या रकान्यात आशयसूत्र, म्हणजे कलाकृती मुळात कशाबद्दल आहे ते. माझ्या तक्त्यात 'बनगरवाडी'च्या मास्तरपुढे लिहिलं होतं: सुरुवातीला बुजरा, शेवटी गावाचा आधार, कारण सेवावृत्ती, आशयसूत्र ग्रामविकास. वाचायला किती छान! आता हे कादंबरीला लावून बघा. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 ची. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, शाळेत पोरं जमवतो, गावाकडून तालीम बांधून घेतो, तिच्यासाठी खुद्द राजेसाहेब वाडीत येतात. इथपर्यंत तक्ता चालतो. मग पाऊस दगा देतो. माणसं मेंढरं घेऊन वाडी सोडतात, शाळा ओस पडते. ज्या गावाचा मास्तर आधार झाला, ते गावच जागेवर नाही. मग 'शेवटी'च्या रकान्यात काय भरायचं? मी भरलं होतं, 'तरीही आशावादी'.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी त्या दोन शब्दांपुढे पेन्सिलीने फक्त 'पान?' असं लिहिलं. मी अख्खी कादंबरी पुन्हा चाळली. पान सापडलं नाही.

मास्तरपेक्षा कारभाऱ्याचं उदाहरण घ्या, तिथे हा घोळ जास्त स्पष्ट दिसतो. म्हातारा कारभारी म्हणजे वाडीतला शेवटचा शब्द. नवख्या मास्तरला तोच पाठीशी घालतो. आणि हाच कारभारी पुढे अंजीवरून, आपल्या लेकीवरून, मास्तरबद्दल मनात किल्मिष धरतो. तक्ता म्हणतो: आधी प्रेमळ, नंतर संशयी, म्हणजे माणूस बदलला. पण बदललाय कुठे? वाडीची अब्रू आपल्या हातात आहे असं मानणारा तो माणूस. वाडीत आलेल्या मास्तरची आबाळ होता कामा नये, ही अब्रूच. लेकीचं नाव चारचौघांच्या तोंडी येता कामा नये, ही पण अब्रूच. स्वभाव तोच, प्रसंग दुसरा. वाढलं काय, तर आपल्याला त्याची असलेली ओळख.

पुन्हा सांगते, कारण मला हे कळायला फार वेळ लागला. पात्र तसूभरही न बदलता त्याचा विकास होऊ शकतो. लेखक त्याला नव्या पेचात टाकतो आणि ज्या गुणावर आपण भाळलेलो असतो तोच गुण आता बोचायला लागतो. अशा प्रसंगांच्या जोड्या शोधा: एकच स्वभाव, दोन वेळा, दोन वेगळे परिणाम. जोडी सापडली की पहिल्या आणि दुसऱ्या प्रसंगाच्या मधली पानं वाचा, तिथे लेखकाने काय पेरून ठेवलंय ते दिसतं. आशयसूत्रही तिथेच हाती लागतं. 'ग्रामविकास' ही मी बाहेरून मारलेली चिठ्ठी होती. कारभाऱ्याच्या वागण्यातून निघतो तो प्रश्न असा: परक्या माणसाला वाडी किती आत घेते आणि कुठे अडवते? तुमचं आशयसूत्र प्रश्न म्हणून मांडता येत नसेल, तर ते बहुधा अजून गाईडातलंच आहे.

आता सिनेमा. अमोल पालेकरांचा 'बनगरवाडी' 1995 चा. मी त्यावर 'काय गाळलं, काय वाढवलं' अशी भलीमोठी यादी केली होती. यादी कामाची नाही असं नाही, पण तिच्यातून काही निघत नाही. पाहण्यासारखा फरक दुसराच आहे. कादंबरीत गोष्ट सांगणारा 'मी' म्हणजे मास्तरच. वाचक मास्तरच्या डोळ्यांनी वाडी बघतो, मास्तर मात्र त्याला दिसत नाही. पडद्यावर तोच मास्तर चंद्रकांत कुलकर्णींच्या रूपाने समोर उभा राहतो. कादंबरीत कारभाऱ्याचा संशय आपल्याला मास्तरच्या बाजूने टोचतो, कारण मास्तरच्या मनात काय आहे ते आपण वाचलेलं असतं. सिनेमात आपण दोघांनाही बाहेरूनच बघतो आणि म्हाताऱ्याची बाजूही खरी वाटू लागते. हा एक मुद्दा धरून नीट लिहिलंत तर प्रकरण उभं राहतं. माझं राहिलं ते यावरच.

आणि 'मूळ कादंबरीशी प्रामाणिक' हे शब्द प्रबंधातून काढूनच टाका. जब्बार पटेलांचा 'सिंहासन' (1979) अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' अशा दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी लिहिला. प्रामाणिक राहायचं कोणाशी? त्यातला निळू फुल्यांचा दिगू टिपणीस बघा. हा पत्रकार सगळ्यांकडे जाऊन येतो, सगळं ऐकतो, करत काहीच नाही. तक्त्यात त्याला 'निष्क्रिय' एवढंच मिळेल. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो तेव्हा कळतं, बाकीचे राजकारणी खुर्च्यांसाठी धावत होते आणि साठत होतं ते याच्या आत.

घाबरू नका, उघडउघड बदलणारी पात्रंही असतात. 'फँड्री' (2013) या सिनेमातला जब्या घ्या, गावातली डुकरं पकडावी लागणाऱ्या घरातला शाळकरी पोरगा. इथे माझी एक युक्ती सांगते, कुठल्या पुस्तकातली नाही: पात्राचं एक क्रियापद धरा आणि सिनेमाभर त्याच्या मागे जा. जब्याचं क्रियापद 'लपणं'. मनात भरलेल्या शालूपासून, वर्गातल्या पोरांपासून तो आपल्या घरचं काम लपवतो. डुकरं पकडायची वेळ येते, तीही शाळेशेजारी, तेव्हा तो स्वतःच आडोशाला लपतो आणि बापाचा मार खातो. त्याच धांदलीत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळं घर जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर निसटतं. आणि शेवटी तोच पोरगा उघड्यावर उभा राहून दगड भिरकावतो, थेट कॅमेऱ्याकडे. आता 'भित्रा होता, धीट झाला' असं लिहा बघू. लिहवणार नाही. दगड आपल्याकडे का आला, याचं उत्तर त्या वाक्यात मावत नाही.

आयत्या साच्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. 'नायकाचा प्रवास', म्हणजे नायक घर सोडतो, संकटं झेलतो आणि बदलून परततो हा साचा, बारा पायऱ्यांत समजावणारे व्हिडिओ मीही बघितलेत, वहीत आकृत्याही काढल्या. त्यात कोणतीही गोष्ट बसते, आणि म्हणूनच त्यातून एकाही गोष्टीबद्दल काही कळत नाही. पटकथा लिहायची असेल तर कदाचित उपयोग होईल. प्रबंधाला नाही. त्यापेक्षा निवडलेल्या एका दृश्याचा आवाज बंद करून ते बघा: कोण कोणाकडे बघतंय, कोण चौकटीबाहेर राहिलंय. एवढ्यानेही चार पानं लिहिण्याइतकं सापडतं.

मार्गदर्शक निवडणं आपल्या हातात फारसं नसतंच. असलंच तर 'छान चाललंय' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. मोठं नाव, परिषदांत भाषणं, आणि तुमची प्रकरणं न वाचता सही, असा माणूस सादरीकरणाच्या दिवशी तुम्हाला वाचवायला येत नाही. मॅडमच्या पेन्सिलीचा मला तेव्हा राग यायचा. पण रडू आलं तरी त्या दिवशी प्रकरण फाडू नका. आठवड्याने उघडलं की त्यातली दोन-तीन पानं वाचवण्यासारखी निघतात.

मौखिकीला हमखास येणारा प्रश्न: हे पात्र काढून टाकलं तर कलाकृतीचं काय बिघडतं? इथे पोरं गोष्ट सांगत सुटतात. एक प्रसंग सांगा, त्याचं पान सांगा, सिनेमातलं त्याच्या जोडीचं दृश्य सांगा आणि थांबा. आणि तळटिपांत ज्या आवृत्तीचे पृष्ठांक दिलेत तीच प्रत बरोबर न्या. ग्रंथालयातली दुसरी आवृत्ती उचलून नेलीत तर परीक्षक 'दाखवा' म्हणतात तेव्हा तुम्ही पानं उलटत बसाल.