मानसशास्त्र शिकून बचत गटांत काम करायचं असेल तर

एमए मानसशास्त्र झालं की बहुतेकांना तीनच वाटा दिसतात: समुपदेशन, कंपनीतला एचआर विभाग, नाहीतर नेट-सेट देऊन प्राध्यापकी. मी ज्या वाटेने गेले तिच्याबद्दल कॉलेजात कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहितेय. महिलांच्या बचत गटांना आणि त्यांच्या छोट्या धंद्यांना माणसाचं वागणं समजून घेणारी माणसं हवी आहेत. नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, १९९२ मध्ये गट बँकांना जोडायला सुरुवात केली. आज माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) ही नावं गावोगावी माहीत आहेत, शिवाय स्वयंसेवी संस्था आहेतच. मात्र जाहिरातीत ‘मानसशास्त्र’ शोधत बसू नका. प्रशिक्षण समन्वयक, क्षमताबांधणी, उपजीविका, संशोधन सहायक अशा नावांनी जागा निघतात. पुष्कळदा एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, मागतात. पण ‘सामाजिक शास्त्रातील पदव्युत्तर पदवी’ एवढंच लिहिलं असेल तर बिनधास्त अर्ज करा.

कामाला लागलात की पहिल्याच आठवड्यात एक वाक्य कानावर येईल: ‘या गटातल्या बायका सिरियस नाहीत.’ गटाचं दप्तर, म्हणजे नोंदवह्या, उघडून दाखवतील. बैठका झालेल्या नाहीत, बचत थकलीय, गटातूनच घेतलेल्या अंतर्गत कर्जाचे हप्ते अडकलेत. इथे तुमच्या शिक्षणाची खरी कसोटी लागते. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि परिस्थितीकडे बघायचं राहून जातं. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये या चुकीला ‘फंडामेंटल ॲट्रिब्यूशन एरर’ असं नाव दिलं आणि आपण सगळ्यांनी ते परीक्षेत लिहून मार्क घेतले. गावात ते वापरायचं म्हणजे काय, तर ‘सिरियस नाहीत’ हे ऐकलं की आधी वर्षाचं कॅलेंडर मागायचं.

बीड जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपून मार्च-एप्रिल येईपर्यंत, ही घरं उसाच्या फडावर असतात. मग जानेवारीतल्या बैठकीला येणार कोण? पण दप्तरात ‘अनियमित’ असा शेरा पडतो, बँक गटाची प्रतवारी करताना नियमित बैठका बघते आणि कर्ज मागे पडतं. एका गटाबरोबर बसून आम्ही जमिनीवर खडूने बारा महिने आखले. कोण कधी गावात, पैसा कधी हातात, खर्च कधी अंगावर येतो, हे बायकांनी खडे ठेवून दाखवलं. उचलीचा महिना ठळक दिसायला लागला तशी एक मावशी म्हणाली, “मग जायच्या आधीच भरून टाकू की सहा महिन्यांची बचत, उचलीतनं.” हप्त्यांसाठी गुढीपाडव्यानंतरचा महिना त्यांनीच ठरवला. मी फक्त खडू नेला होता आणि प्रश्न विचारला होता. या कामात नवख्या माणसाचा वाटा साधारण एवढाच असतो, आणि तो मोलाचा आहे.

ऊस शेतकऱ्यांवरचा एक प्रसिद्ध अभ्यास याच्या जोडीने जरूर वाचा. २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या या अभ्यासात तमिळनाडूतल्या त्याच शेतकऱ्यांच्या बुद्धीच्या चाचण्या ऊस तुटण्याआधी, म्हणजे हात आखडलेला असताना, आणि पैसे आल्यावर घेतल्या. तंगीच्या काळात तेच लोक कमी पडले. त्यावर नंतर आक्षेपही घेतले गेले, तेही वाचा. कोलकात्यातला आणखी एक अभ्यास मला जास्त उपयोगी पडला. नव्या कर्जदारांच्या काही गटांना आठवड्याला भेटायला लावलं, काहींना महिन्याला. आठवड्याला भेटणाऱ्यांची आपसातली ओळख पुढेही टिकली आणि पुढच्या कर्जात त्यांच्यात थकबाकी कमी राहिली. तेव्हापासून बैठकीतल्या ‘वायफळ’ गप्पा आवरा असं मी कुणाला सांगत नाही. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या सुनेचे दिवस भरत आलेत, यातूनच उद्या कोण कुणाच्या मागे उभी राहील ते ठरत असतं.

आता प्रश्नावलीबद्दल. प्रबंधासाठी येणारे विद्यार्थी ‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’ असे पाच पर्याय छापून आणतात. ताई पहिल्या दोन प्रश्नांना ‘हो’ म्हणते आणि तिसऱ्याला म्हणते, “तुम्हीच टाका काय ते, तुम्ही शिकलेल्या.” पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, हाही त्यात भाग असतो. हा कागद भरून निघतो, पण त्यातून कळत काही नाही. त्याऐवजी शेवटची घडलेली गोष्ट विचारा. ‘तुम्ही बचतीला महत्त्व देता का?’ असं नको. ‘मागच्या खेपेला घरात पैसे आले तेव्हा सगळ्यात आधी कुठे गेले?’ असं विचारा. मग औषधं, खताची उधारी, दिराचं लग्न असं सगळं ओळीने बाहेर येतं. शेवटी कुणीतरी म्हणतंच, “गटात टाकले तेवढेच राहिले.” स्वतःच्या पैशाला स्वतःच कुलूप लावण्यावर, म्हणजे हवे तेव्हा काढता येणार नाहीत असे ते ठेवण्यावर, फिलिपिन्समध्ये झालेला, २००६ मध्ये छापून आलेला एक अभ्यास अभ्यासक्रमात असतो. इथे तो तुम्हाला सतरंजीवर बसलेला भेटतो.

धंद्याच्या बाजूला सगळ्यात मोठं काम हिशेबाचं आहे. मसाला करणाऱ्या ताईंबरोबर किंमत काढायला बसा. मिरची, धणे, खोबरं, तेल, कांडपाचे पैसे, पाकीट, लेबल. एकही गोष्ट विसरणार नाहीत. पण मिरच्या वाळवणं, देठ काढणं, भाजणं, लेकीने रात्री पाकिटं भरणं याचा रुपयाही धरलेला नसतो. “घरचंच काम, त्याचे कसले पैसे?” इथे श्रमाच्या मोलावर व्याख्यान देऊ नका, ते वाऱ्यावर जातं. एवढंच विचारा, “तुम्ही आजारी पडलात आणि हे शेजारच्या काकूंकडून करून घेतलं, तर त्यांना काय द्याल?” उत्तर लगेच येतं, कारण शेतातल्या मजुरीचा दर तोंडपाठ असतो. मग तोच आकडा वहीत लिहायचा. मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या, बचत गटांच्या मालाच्या प्रदर्शनात शेजारच्या टेबलावर तोच मसाला स्वस्त मिळत असतो, तेव्हा किती खाली यायचं आणि कुठे थांबायचं हे या आकड्यावरूनच कळतं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. विश्वास बसला की बायका बैठकीनंतर मागे थांबून बोलतात. मारहाण, दारू, कधीकधी ‘जगावंसं वाटत नाही’ इथपर्यंत. एमए झालं म्हणून आपण उपचार करू शकत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि ती नुसत्या एमए मानसशास्त्रावर मिळत नाही. शांतपणे ऐका, चौघींत त्याची वाच्यता करू नका, आणि पुढचा पत्ता हाताशी ठेवा: मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस या सरकारी फोनसेवेचा १४४१६, महिलांसाठीच्या हेल्पलाइनचा १८१, आणि जिल्हा रुग्णालयातली मानसोपचार ओपीडी कोणत्या वारी असते ते. नंबर द्यायचा तर तिच्या मोबाइलमध्ये कुठल्या नावाने सेव्ह करायचा हे तिलाच विचारा, कारण फोन बरेचदा घरात सगळ्यांच्या हातात असतो.