क्रिप्टो वापरताना स्वतःला निनावी समजता? या चुका टाळा

ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत नोकरी करणाऱ्या आणि घोडबंदर रस्त्यावर किंवा खारघरला घर घेतलेल्या अनेक तरुणांकडे आज थोडेफार बिटकॉइन, इथर किंवा यूएसडीटी (डॉलरशी भाव जोडलेले नाणे) असे क्रिप्टो चलन असते. ही नाणी सांभाळणाऱ्या अॅपवर, म्हणजे वॉलेटवर, आपले नाव कुठेही नाही, त्यामुळे आपण कोण आहोत हे कोणालाच कळत नाही, असा त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा पक्का समज असतो. पुढच्या बहुतेक चुका या समजातूनच होतात. सरकारला आधीच ठाऊक असलेली गोष्ट आयकर विवरणपत्रात लपवली जाते आणि चोराच्या उपयोगी पडणारी माहिती मात्र व्हॉट्सअॅप ग्रुपवर मोकळेपणाने सांगितली जाते. माझे मत याच्या नेमके उलट आहे. कायदा जी माहिती मागतो ती पूर्ण द्यावी आणि त्यापलीकडे कोणालाही काही सांगू नये.

नाव दिसत नाही म्हणून ओळखही नाही, असे मानणे

बिटकॉइनची खातेवही सर्वांना खुली आहे आणि 3 जानेवारी 2009 रोजी पहिला ब्लॉक (नोंदींचा गठ्ठा) तयार झाला तेव्हापासूनचा प्रत्येक व्यवहार तिच्यात कायमचा नोंदलेला आहे. ऑक्टोबर 2008 मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने आलेल्या बिटकॉइनच्या मूळ निबंधातच प्रत्येक व्यवहारासाठी नवी किल्ली (म्हणजेच नवा पत्ता, जणू खाते क्रमांक) वापरावी असे सुचवले आहे. शिवाय अनेक पत्त्यांवरची नाणी एकाच व्यवहारात खर्च केली तर ती एकाच मालकाची आहेत हे उघड होते, हेही तिथे मान्य केले आहे. आज तपासयंत्रणा वापरतात त्या विश्लेषण प्रणालींचा एक मुख्य आधार हाच आहे. 2016 मध्ये बिटफिनेक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्सचेंजवरून सुमारे 1,19,754 बिटकॉइन चोरीला गेले आणि फेब्रुवारी 2022 मध्ये अमेरिकी सरकारने त्यांतले 94,000 हून अधिक जप्त केले. मधली साडेपाच वर्षे खातेवहीतली एकही नोंद पुसली गेली नव्हती.

सामान्य वापरकर्त्याचे नाव पत्त्याशी जोडले जाते ते बहुधा एक्सचेंजवर. तिथे केवायसीसाठी पॅन, आधार आणि सेल्फी दिलेली असते. तिथून नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये काढली की तो पत्ताही त्याच नोंदीत जातो. म्हणून दरवेळी पैसे स्वीकारताना नवा पत्ता वापरावा, आणि वॉलेटमध्ये कॉइन कंट्रोलची (कोणती नाणी खर्च करायची ते निवडण्याची) सोय असल्यास वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली नाणी एका व्यवहारात मिसळू नयेत. ‘आवराआवर’ म्हणून सगळी शिल्लक एका पत्त्यावर गोळा करणे ही फार मोठी चूक आहे, कारण त्यामुळे आजवर वेगळे राहिलेले धागे आपणच बांधून देतो. इथेरियम आणि ट्रॉन या क्रिप्टो जाळ्यांवर तर एकच पत्ता वर्षानुवर्षे वापरला जातो. तिथे कोणाला पत्ता देणे म्हणजे त्याच्या हातात आपले पासबुक देण्यासारखेच आहे. मित्रांकडून पैसे घेण्यासाठी आणि बचत ठेवण्यासाठी दोन वेगळी खाती ठेवावीत. मात्र दुसऱ्या खात्यात पहिल्यातूनच रक्कम पाठवली, तर वेगळेपणाला काही अर्थ उरत नाही.

व्हीपीएन आणि मिक्सरवर भरवसा ठेवणे

व्हीपीएन सेवेमुळे आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) झाकला जातो, पॅन नाही. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवणे अपेक्षित आहे, आणि क्रिप्टो एक्सचेंजनाही केवायसी व व्यवहारांच्या नोंदी तितकाच काळ ठेवण्यास सांगितले आहे. अनेकांची नाणी एकत्र मिसळून माग पुसू पाहणाऱ्या मिक्सर सेवेची गोष्ट याहून वाईट आहे. टोर्नाडो कॅश या मिक्सरवर अमेरिकेने ऑगस्ट 2022 मध्ये निर्बंध घातले आणि मार्च 2025 मध्ये ते उठवले. पण निर्बंध असोत वा नसोत, मिक्सरमधून आलेले पैसे एक्सचेंजवर भरताच ते संशयास्पद ठरण्याची आणि खाते अडकण्याची शक्यता असते. प्रामाणिक माणसाने असा डाग विनाकारण ओढवून घेऊ नये.

परदेशी एक्सचेंजवर आपण दिसत नाही, असे समजणे

7 मार्च 2023 च्या अधिसूचनेने क्रिप्टो सेवा देणाऱ्या कंपन्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या आणि संशयास्पद व्यवहारांची माहिती अर्थ मंत्रालयाच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला देणे त्यांच्यावर बंधनकारक झाले. डिसेंबर 2023 मध्ये या युनिटने नऊ परदेशी एक्सचेंजना नोटिसा पाठवल्या, आणि जून 2024 मध्ये बायनान्स या एक्सचेंजला 18.82 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याआधी, 1 जुलै 2022 पासूनच, व्यवहारावर 1 टक्का टीडीएस लागू झाला असून तो कापला गेला की आपल्या वार्षिक माहिती विवरणात दिसतो. नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. हा कर मला जाचक वाटतो, पण विवरणपत्रातले क्रिप्टोचे परिशिष्ट कोरे सोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

इतकी नजर ठेवली जात असताना गोपनीयतेचा आग्रह धरणे चूक आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. दुसरीकडे, 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे, आणि ती किती रुंद असावी याची काळजी प्रत्येक नागरिकाने केली पाहिजे. कर भरणाऱ्या माणसालाही आपल्या बचतीचा आकडा शेजाऱ्याला, विक्रेत्याला किंवा भामट्याला कळू नये असे वाटण्याचा पूर्ण अधिकार आहे.

पीटूपी व्यवहारात कोणाच्याही खात्यातून पैसे घेणे

पीटूपी म्हणजे थेट दुसऱ्या माणसाशी केलेली खरेदी-विक्री. सर्वांत जास्त मनस्ताप देणारी चूक हीच आहे. एखाद्या ज्येष्ठ नागरिकाची ऑनलाइन फसवणूक होते. ती रक्कम भाड्याने घेतलेल्या दोन-तीन बँक खात्यांतून फिरते आणि शेवटचा माणूस त्या पैशांतून तुमच्याकडून यूएसडीटी विकत घेतो. तुम्ही दोन रुपये जास्त दर मिळाला म्हणून खूश असता, आणि काही दिवसांनी तुमच्या ठाण्यातल्या शाखेतून कळते की दूरच्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून खाते गोठवले आहे. पगार आणि घराचा हप्ता त्याच खात्यावर असेल तर घरखर्चाचेही वांधे होतात.

खाते गोठलेच, तर शाखेकडून लेखी स्वरूपात तीन गोष्टी मागाव्यात: राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरील तक्रारीचा पोचपावती क्रमांक, संबंधित पोलीस ठाण्याचे नाव आणि वादातली नेमकी रक्कम. मग त्या ठाण्याच्या तपास अधिकाऱ्याला ऑर्डरचा तपशील, समोरच्याशी झालेला संवाद, बँकेचा उतारा, यूएसडीटी हस्तांतराचा व्यवहार क्रमांक आणि टीडीएसची नोंद पाठवावी, आणि संपूर्ण खात्याऐवजी केवळ वादातल्या रकमेवर लीन ठेवावा (तेवढीच रक्कम अडवावी) अशी विनंती करावी. उत्तर न मिळाल्यास वकिलाच्या सल्ल्याने न्यायालयात दाद मागता येते. ‘पैसे द्या, खाते उघडून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला दारातही उभे करू नये.

हे टाळायचे असेल तर एक्सचेंजवरच्या केवायसीतले नाव आणि पैसे पाठवणाऱ्या खात्यावरचे नाव जुळत नसेल तेव्हा रक्कम परत करून व्यवहार रद्द करावा, आणि क्रिप्टोसाठी स्वतंत्र बँक खाते ठेवावे. टेलिग्रामवर ओळख करून वाशी किंवा ठाणे स्टेशनजवळ रोखीने व्यवहार करण्याचा प्रस्ताव आला तर तो नाकारावा. 2 लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहेच, पण त्याहून कमी रकमेसाठीही अनोळखी माणसाला पैशांसह भेटणे धोक्याचे आहे.

आपली माहिती आपणच वाटणे

2020 मध्ये लेजर या हार्डवेअर वॉलेट (क्रिप्टोच्या किल्ल्या सांभाळणारे उपकरण) बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांची माहिती फुटली आणि सुमारे 2,72,000 जणांची नावे, घरचे पत्ते व फोन नंबर त्या वर्षअखेरीस सर्वांसमोर आले. म्हणून असे उपकरण मागवताना शक्य असल्यास घरच्या पत्त्याऐवजी पिकअप केंद्राचा पत्ता द्यावा आणि वेगळा ईमेल वापरावा. नफ्याचे स्क्रीनशॉट, पत्ता दिसेल असे फोटो, स्वतःच्या नावाचे डॉट ईथ नाव (इथेरियमच्या पत्त्याला दिलेले वाचता येणारे नाव) हे सारे टाळावे.

माहिती फुटल्यावर येणारे फोन आणि ईमेल आयकर खात्याच्या किंवा पोलिसांच्या नावाने येतात. ते घाबरवतात आणि सीड फ्रेज (वॉलेट उघडणारे गुप्त शब्द) मागतात. ती कोणत्याही अधिकाऱ्याला, कोणत्याही कारणासाठी सांगायची नसते. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. पैसे गेले असतील तर विनाविलंब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. आयकर खात्याच्या खऱ्या पत्रावर 1 ऑक्टोबर 2019 पासून डीआयएन (दस्तऐवज ओळख) क्रमांक असतो. ईमेलमधल्या लिंकवर न जाता आयकराचे पोर्टल स्वतः उघडावे आणि तो क्रमांक तिथे तपासून मगच उत्तर द्यावे.