मनगटातील नस दबल्यास शस्त्रक्रियेआधीचे उपचार कसे निवडावेत

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येणे, हात झटकल्यावर बरे वाटणे आणि बधिरपणा अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेच्या अर्ध्या भागापुरताच असणे, ही कार्पल टनेल सिंड्रोमची, म्हणजे मनगटातील नस दबण्याच्या विकाराची, ओळखीची लक्षणे होत. करंगळीही बधिर होत असल्यास कोपरातील किंवा मानेतील नसेचा विचार करावा लागतो. बडोद्याच्या दांडिया बाजारात दिवसभर कात्री चालवणारा शिंपी असो की घरी पोळ्या लाटणारी गृहिणी, उपचार ठरवण्यापूर्वी रक्तातील साखर आणि थायरॉइड तपासून घ्यावे, कारण मूळ आजार आटोक्यात नसेल तर मनगटावरचे उपाय अपुरे पडतात.

पहिली पसंती स्प्लिंटला, म्हणजे मनगट सरळ धरून ठेवणाऱ्या आधारपट्ट्याला, द्यावी. औषधाच्या दुकानात मागितल्यावर पुष्कळदा अंगठ्यात अडकवायचा लवचीक पट्टा पुढे केला जातो. तो मनगट वाकण्यापासून रोखत नाही, म्हणून घेऊ नये. तळव्याच्या बाजूला धातूची पट्टी असलेलाच स्प्लिंट घ्यावा, आणि ती पट्टी मागे वळवलेली असल्यास बाहेर काढून हाताने सरळ करावी, कारण मनगट सरळ असताना नसेवरचा दाब सर्वांत कमी असतो. बोटे मोकळी हलली पाहिजेत आणि बंद आवळलेले नसावेत. हा स्प्लिंट किमान सहा आठवडे रोज रात्री न चुकता वापरावा; चार दिवस बांधून 'फरक नाही' म्हणण्यात अर्थ नाही.

झोपच लागत नसेल तर स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने लवकर आराम पडतो. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत सहा आठवड्यांनी इंजेक्शन घेतलेले रुग्ण स्प्लिंटवाल्यांच्या पुढे होते, सहा महिन्यांनी मात्र दोन्ही गटांत फारसा फरक उरला नव्हता. मधुमेहींची साखर इंजेक्शनानंतर काही दिवस वाढू शकते, हे आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

बोटांचे आणि नसेचे व्यायाम साथीला चालतील. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा येथे विशेष उपयोग होत नाही. जीवनसत्त्व ब-६ चा लाभ सिद्ध झालेला नसून मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास त्यानेच नसांना इजा होते, तरी लोक ते आपल्या मनाने घेत राहतात, याचे नवल वाटते.

अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, शर्टाचे बटण लावणे जमेनासे झाले किंवा बधिरपणा दिवसभर टिकू लागला, तर या उपायांत वेळ न दवडता नर्व्ह कंडक्शन तपासणी (नसेतून संदेश कितपत नीट जातो ते मोजणारी) करून शल्यचिकित्सकांना भेटावे.