गाडी चालवेल एडास, चालान मात्र तुमचंच: या चुका टाळा

इंदुरात दसऱ्याला नवी गाडी घरी आली की आधी हार. तो नेमका पुढच्या लोगोवर, आणि लिंबू-मिरची बंपरला. एडास म्हणजे ब्रेक, वेग, स्टिअरिंग यांत चालकाला मदत करणारी यंत्रणा. ती असलेल्या बऱ्याच गाड्यांचं, पुढचं वाहन टिपणारं रडार याच भागात असतं. मग सुपर कॉरिडॉरला लागेपर्यंत मीटरवर रडार झाकल्याचा इशारा झळकतो आणि शोरूमला फोन सुरू होतात. हार काढा, मऊ फडक्यानं पुसा. बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. चिखल, जाड स्टिकर आणि बाहेरून बसवलेलं लोखंडी गार्ड यांचीही तीच कथा. गार्ड तर काढूनच टाका.

दुसरा प्रकार म्हणजे पाहुण्यांसमोर प्रयोग. ‘जावईबापू, उभे राहा समोर, आपोआप थांबते बघा!’ कृपा करून हे करू नका. आपोआप ब्रेक हा शेवटचा उपाय आहे, तो दर वेळी लागेलच असं नाही. आडवी आलेली गाय, उलट्या बाजूनं येणारी बाइक, मागे दिवा नसलेली ट्रॉली यांच्यापुढे तो गडबडू शकतो.

खरा घोटाळा हायवेवर होतो. मानपूर-सेंधव्याच्या रस्त्यानं पुण्याला निघालात, क्रूझ, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखणारी आणि पुढच्या वाहनामागे मंदावणारी सोय, ८० वर लावलात. पुढे ट्रक ४० नं चाललाय म्हणून तुमचीही गाडी ४० वर. ट्रक ढाब्याकडे वळला की तुमची गाडी ८० गाठायला धावते, आणि समोर गावाचा चौक असतो. गाव दिसलं की क्रूझ बंद, एवढी सवय लावाच. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दोन सेकंद मोबाइल पाहिलात तर ४४ मीटर डोळे मिटून गेलात.

स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवून गाडीला हात असल्याचं भासवणारे महाभागही आहेत. सध्या आपल्या रस्त्यावरच्या एडास गाड्या साधारण लेव्हल २ च्या. म्हणजे गाडी मदत करते, लक्ष तुम्हीच ठेवायचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनं चालवताना हातात मोबाइल धरणंही आलं. तिथे ‘गाडीच चालवत होती’ हे उत्तर चालत नाही.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेम्पी इथे मार्च २०१८ मध्ये उबरच्या आपोआप चालणाऱ्या चाचणी गाडीनं रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं. यंत्रणेनं तिला ५.६ सेकंद आधी टिपलं होतं, पण ती नेमकं काय आहे हे ओळखता आलं नाही. देखरेखीला बसलेली चालक फोनवर कार्यक्रम पाहत होती. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. चालकानं २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांचं प्रोबेशन मिळालं. कंपनी इतक्या सहज सुटावी हे मला पटत नाही, पण झालं ते असं.

लेन बदलताना स्टिअरिंग हाताला ओढ देतंय? बिघाड नाही, गाडीला लेनमध्ये ठेवणारं फीचर आहे ते; तुम्ही इंडिकेटर दिला नाहीत. पट्टे पुसट झालेल्या रस्त्यावर हे फीचर बंदच ठेवा.

आणि पुढची काच बदललीत तर काचेमागच्या एडास कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा नेमकी जुळवणं, करून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. बिलात ती ओळ आहे का, ते तिथेच पाहा.